नाव लिहिलं, आकडा राहिला

पहाटे 5

फाईल शेवटच्या पानापासून वाचायची सवय मला जिनिंगमध्ये लागली. हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी मुनीम होतो. गठाणी किती निघाल्या हे मालक बघायचे आणि पैसे कुठून आले, कुठे गेले हे मी. निवृत्तीनंतर आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाने एथिक्स कमिटीवर बोलावलं. तिथे माणसांवर होणारं प्रत्येक संशोधन आधी तपासलं जातं. औषध-चाचण्यांचे 2019 चे केंद्रीय नियम सांगतात की अशा कमिटीत किमान 7 सदस्य हवेत, अध्यक्ष बाहेरचा हवा, निम्मे सदस्य संस्थेशी संबंध नसलेले हवेत, एक कायदा जाणणारा हवा, एक बाई तरी हवी आणि एक सामान्य माणूस हवा. तो सामान्य माणूस मी. गणपूर्ती 5 जणांची, आणि त्या 5 जणांतही सामान्य माणूस लागतोच. मी गेलो नाही तर बैठक भरत नाही. माझ्या हजेरीला घरात एवढं महत्त्व कधी नव्हतं.

गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे. त्यामुळे कॉलेजचं, औषधाचं किंवा डॉक्टरांचं नाव इथे येणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशील मी हलवले आहेत.

आजची मोठी फाईल मधुमेहाच्या नव्या औषधाची आहे. आराखडा, औषधाची आजवरची माहिती, विमा, संशोधक डॉक्टरांचं हमीपत्र, रुग्णासाठी इंग्रजी, हिंदी आणि मराठी संमतिपत्र, आणि सगळ्यात शेवटी कंपनीबरोबरचा करार व त्याचं अंदाजपत्रक. मी करारापासून सुरुवात केली. रुग्ण निवडला की एक रक्कम, भरती झाला की दुसरी, प्रत्येक भेटीला ठरलेली आणि अभ्यास पूर्ण केला की शेवटची. तपासणीत बाद झालेल्या रुग्णामागे अगदी थोडी. वर संस्थेचा टक्का. आकडा सांगत नाही, पण एक रुग्ण शेवटपर्यंत टिकला तर येणारी रक्कम माझ्या मुनीमकीच्या शेवटच्या पगाराहून बरीच मोठी आहे.

मग मराठी संमतिपत्र घेतलं. त्यात पैशाचा उल्लेख दोन ठिकाणी. औषधाचे पैसे तुम्हाला द्यावे लागणार नाहीत, हा एक. येण्याजाण्याचा खर्च मिळेल, हा दुसरा. कंपनीचं नाव पहिल्याच पानावर ठळक होतं. ही कंपनी डॉक्टरांना आणि कॉलेजला काही देते, हे कुठेच नव्हतं. समासात पेन्सिलीने फुली मारली आणि आंघोळीला गेलो.

सकाळी साडेसहा

बसस्थानकासमोर तर्रीपोहे खाऊन वर्ध्याची लाल गाडी पकडली. या दिवसांत रस्त्यावर कापसाच्या गाड्या असतात, बस त्यांच्यामागे रखडते. वायगावपर्यंत झोप झाली.

सकाळी साडेआठ

बैठक अकराला असते, पण मी आधी जाऊन ओपीडीच्या बाकावर बसतो. नियमात हे नाही, मला मात्र याशिवाय चालत नाही. ज्यांच्यासाठी कमिटीत बसायचं ती माणसं इथे असतात. आर्वी, कारंजा, सेलू, देवळी, समुद्रपूरहून आलेली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट, डोक्याला मफलर. आणि त्यांच्याच रांगेच्या शेजारी काळ्या बॅगा घेतलेले, इस्त्रीच्या कपड्यातले औषध कंपन्यांचे एमआर. या पोरांवर माझा राग नाही. टार्गेट त्यांनाही असतं, आणि ते पूर्ण झालं नाही तर काय होतं हे मी माझ्या भाच्याकडून ऐकलं आहे.

डॉक्टर आणि औषध कंपन्या यांच्या नात्याच्या प्रश्नाला या जिल्ह्यात जुनी पार्श्वभूमी आहे. सेवाग्रामला 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिथले डॉ. एस. पी. कलंत्री यांनी 2004 मध्येच औषध उद्योग आणि वैद्यकीय परिषदा यांच्या नात्यावर लेख लिहिला होता. परिषदेचा मांडव, जेवण आणि पिशव्या कोणाच्या पैशाने येतात, हा प्रश्न डॉक्टरांनी डॉक्टरांनाच विचारावा असा तो विषय. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयात स्वस्त जेनेरिक औषधांचं काम चालतं, हे इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट मला त्या रुग्णालयाच्या नावावरून आठवते. 1901 मध्ये दक्षिण आफ्रिका सोडताना गांधीजींना लोकांनी सोन्याचांदीच्या भेटी दिल्या. त्यात कस्तुरबांसाठी 50 गिनींचा सोन्याचा हार होता. तो परत करायला कस्तुरबांचा विरोध होता आणि त्यांचं म्हणणं काही अगदीच चुकीचं नव्हतं. सुनांना काय घालायचं, हा त्यांचा सवाल होता. शेवटी सगळ्या भेटी विश्वस्तांच्या हवाली झाल्या. सार्वजनिक कामाबद्दल मिळालेली वस्तू घरात आली की पुढच्या कामाचा हिशेब बिघडतो, हे त्या घरात भांडून ठरलं होतं. आपण मात्र तेच एका छापील रकान्यात उरकतो.

सकाळी 10

तो रकाना म्हणजे हितसंबंधांचं घोषणापत्र. कमिटीच्या ऑफिसातला मुलगा ते प्रत्येकासमोर ठेवतो. ‘आजच्या कोणत्याही प्रस्तावात माझा आर्थिक, व्यावसायिक किंवा कौटुंबिक संबंध आहे / नाही.’ बहुतेक जण मोबाईलवर बोलता बोलता ‘आहे’ खोडतात.

मी मुद्दाम हळू भरतो. माझी पुतणी याच संस्थेच्या नर्सिंग कॉलेजात शिकते. आजच्या प्रस्तावांशी तिचा काही संबंध नाही, पण मी लिहितो. ऑफिसातला मुलगा म्हणतो, “काकाजी, येवढं कायले लिहिता? कोनी वाचत नाही.” मी त्याला म्हटलं, “वाचत नसन तर मंग लिहाले भीती कायची?” तो हसला. हुशार आहे. सगळ्या फायलींत खुणेची पट्टी लावणारा तोच, आणि कोणती कंपनी किती वेळा येते हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

सकाळी 11

अध्यक्षबाई नागपूरच्या, निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी गणपूर्ती मोजली. पहिला तास विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचा. रक्तक्षय, सर्पदंश, बाळंतपणातला रक्तदाब. इथे पैसा नसतो, असलाच तर विद्यार्थ्याच्या खिशातला. भराभर संपलं. चहाबरोबर गोरसपाक आला. वर्ध्याच्या कोणत्याही बैठकीचा अर्धा खर्च गोरसपाकावर होत असावा.

दुपारी 12

मधुमेहाची फाईल निघाली तसे कमिटीतले एक डॉक्टर उठले. ते या अभ्यासात सहसंशोधक होते. नियमाप्रमाणे ज्याचा संबंध आहे त्याने आपणहून बाहेर जायचं असतं. ते गेले, दार लागलं आणि सदस्य-सचिवांनी पुन्हा डोकी मोजली. रुग्ण तपासणारा डॉक्टर गणपूर्तीत लागतो, आणि तोच बाहेर बसला होता. दुसरे डॉक्टर शहरातले, खासगी दवाखाना सांभाळून येणारे; त्यांची वाट बघत पाऊण तास गेला.

पुस्तकात हितसंबंधांचा प्रश्न फार स्वच्छ वाटतो. ज्याचा संबंध त्याने उठावं, बाकीच्यांनी ठरवावं. मुंबई-पुण्यात ते जमतही असेल. आमच्याकडे एका विषयाचे जाणकार दोनच असतात. त्यातला एक संशोधक, दुसरा त्याचा विद्यार्थी. तिसरा असलाच तर तो पहिल्याचा साडू. सगळे संबंधित उठून गेले तर खोलीत मी आणि शिपाई उरू.

डॉक्टर आले. मुख्य संशोधकांनी पडद्यावर आराखडा दाखवला. माणूस चांगला आहे, हे आधी सांगतो. माझ्याच गावच्या एका बाईचा पाय त्यांनी वाचवलेला मला माहीत आहे. सगळ्यांचे प्रश्न झाल्यावर अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं.

“सर, या अभ्यासात एका रुग्णामागे तुमच्याकडे किती येतात?”

“ते अंदाजपत्रकात आहे ना.”

“मी बघितलं. रुग्णाला कुठे दिसेल?”

खोलीत जरा अवघडल्यासारखं झालं. मग ते शांतपणे बोलले आणि त्यांचं बोलणं मला टाकाऊ वाटलं नाही. ती सगळी रक्कम माझ्या खिशात जात नाही, ते म्हणाले. त्यातून कोऑर्डिनेटरचा पगार होतो, रक्ततपासणी होते, औषध ठेवायचा फ्रीज आणि त्याचा जनरेटर चालतो, पाच वर्षं कागद जपावे लागतात. कॉलेजचा टक्का आधीच कापला जातो. हा एकच आकडा आर्वीच्या एखाद्या शेतकऱ्यापुढे ठेवला तर तो दोन गोष्टी समजेल. डॉक्टर मला विकतोय, किंवा मलाही यातलं काही मिळायला हवं. दोन्ही समज चुकीचे.

म्हटलं, मग फोड करून लिहा. फ्रीजचे इतके, तपासणीचे इतके, कॉलेजचे इतके, तुमचे इतके. फोड केलेला आकडा कुणाला घाबरवत नाही.

आमच्या वकीलबाईंनी तेव्हा पर्समधून घडी घातलेला कागद काढला. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम. त्यात डिसेंबर 2009 मध्ये औषध कंपन्यांशी असलेल्या नात्यावर नवं कलम घातलं गेलं. भेटी नाहीत, सहली नाहीत, रोख नाही, हा भाग सगळ्यांना माहीत असतो. पुढचा भाग कुणी वाचत नाही. कंपनीच्या पैशाने संशोधन करता येतं, पण अटींवर, आणि त्यातली एक अट अशी की पैशाचा स्रोत आणि रक्कम सुरुवातीलाच जाहीर केली पाहिजे. निष्कर्ष छापण्याचं स्वातंत्र्य करारात लिहून घेतलं पाहिजे, ही आणखी एक. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले आणि तीन आठवड्यांत स्थगित केले. म्हणून 2002 चेच अजून चालतात.

“स्रोत आणि रक्कम,” बाईंनी पुन्हा वाचलं. “दोन्ही.”

चाचण्यांची सरकारी नोंदवही, म्हणजे सीटीआरआय, 2007 मध्ये सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून औषध-चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची झाली. त्या नोंदीत पैसा कोण देतं याचा रकाना आहे, किती देतं याचा नाही. नियतकालिकांत लेखाच्या शेवटी छापतात, अमुक कंपनीचं साहाय्य. तिथेही किती ते नसतं. नाव सांगायला आता कुणाची हरकत उरलेली नाही. उलट नाव सांगितलं की प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र मिळाल्यासारखं होतं. पण पाचशे रुपयांची ओढ आणि पाच लाखांची ओढ एकसारखी नसते. रोजमेळात नुसतं ‘शेठजींकडून आले’ असं लिहून रकमेची जागा कोरी ठेवली असती तर मालकाने मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. या कंपनीच्या कार्यक्रमांत तुम्ही भाषणं देता का? “वर्षातून एकदोनदा. सगळेच देतात.” मानधन? “असतं थोडं.” ते घोषणापत्रात नव्हतं. लपवलं असं मी म्हणणार नाही. ते त्यांना हितसंबंध वाटलंच नव्हतं, आणि ते मला जास्त कठीण वाटतं. कापूस खरेदीत ग्रेडर असतो. ओलावा किती, धागा कसा, हे तो ठरवतो आणि त्यावर शेतकऱ्याचा भाव ठरतो. मी पाहिलेले ग्रेडर लाच घेणारे फार नव्हते. पण जिनिंगच्या ओसरीवर रोज जेवणारा ग्रेडर होता. तो खोटं मोजायचा नाही. काठावरचा माल आला की मात्र काटा नेहमी एकाच बाजूला झुकायचा. त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने मुलाची शपथ घेतली असती, आणि ती खरीही असती.

या चाचणीत काठावरचे निर्णय कोणते? रुग्ण निकषात बसतो की नाही, साखर एका आकड्याने जास्त असली तर पुन्हा तपासायची की सोडायची, चक्कर आली ती औषधामुळे की उपाशीपोटामुळे. असे निर्णय दिवसाला दहा होतात आणि ते एका माणसाच्या मनात होतात. तिथे आम्ही नसतो.

चर्चा लांबली. ठरलं ते असं. रुग्णाच्या कागदावर दोन वाक्यं वाढवायची: कंपनी प्रत्येक सहभागी रुग्णामागे संस्थेला पैसे देते, आणि त्यातला काही भाग संशोधकांना मिळतो. संमती घेताना ज्याचं मानधन भरतीवर अवलंबून नाही असा एक माणूस हजर हवा. सगळे पैसे संस्थेच्या खात्यात. भाषणांचं मानधन घोषणापत्रात. रकमेच्या फोडीवर एकमत झालं नाही. कंपनीला विचारून सांगतो, असं डॉक्टर म्हणाले. हा मुद्दा पुढच्या बैठकीवर गेला.

दुपारी दीड

जेवणात वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. बाहेर गेलेले सहसंशोधकही ताटावर आले आणि सगळे जुन्या मित्रांसारखे बोलू लागले, कारण ते जुने मित्रच आहेत.

वकीलबाईंना परदेशातले खटले पाठ आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 17 सप्टेंबर 1999 रोजी जेसी गेलसिंगर हा 18 वर्षांचा मुलगा जनुक-उपचाराच्या प्रयोगात दगावला. प्रयोग करणाऱ्या जेम्स विल्सन यांनीच जेनोव्हो नावाची कंपनी काढली होती आणि विद्यापीठाचाही तिच्यात वाटा होता. मला वाटलं, लपवलं असेल. बाई म्हणाल्या, “नाही ना! संमतिपत्रात लिहिलं होतं की विल्सन आणि विद्यापीठ यांचा यशात आर्थिक संबंध आहे.” किती, ते नव्हतं. पुढच्या वर्षी कंपनी विकली गेली तेव्हा विल्सन यांच्या वाट्याला 1 कोटी 35 लाख डॉलरचे शेअर आल्याचं वृत्तपत्रांत आलं. मला भाकरीचा घास तसाच धरून बसल्याचं आठवतं. संमतिपत्रातलं ते एक वाक्य त्या मुलाच्या वडिलांनीही वाचलं असेल.

साखरेची गोष्ट मी सांगितली, कारण ती मला हिशेबनीस म्हणून आवडते. 1967 मध्ये एका मोठ्या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयरोगाचा दोष साखरेऐवजी चरबीकडे ढकलणारा आढावा छापला. साखर उद्योगाच्या संस्थेने त्यासाठी 6,500 डॉलर दिले होते, ते बाहेर आलं 2016 मध्ये. जुन्या पत्रव्यवहारात सापडलं. अमेरिकेत आता निदान डॉक्टरांच्या बाबतीत सरकारी संकेतस्थळावर कंपनीचं नाव, डॉक्टरचं नाव आणि डॉलरचा आकडा कुणालाही बघता येतो, 2014 पासून.

आपल्याकडे आकडा बाहेर येतो तो बहुधा करखात्यामुळे. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीच्या खटल्यात सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता येणार नाही. रक्कम सुमारे 4.72 कोटी. ती ना वैद्यकीय परिषदेने शोधली ना एथिक्स कमिटीने. खतावणीतून निघाली. इंदूरला मुलांवर आणि मनोरुग्णांवर झालेल्या औषध-चाचण्यांचा गवगवा झाला, तेव्हा 2012 मध्ये मध्य प्रदेश सरकारने 12 डॉक्टरांना दंड केला तो प्रत्येकी 5,000 रुपये. शहरातले डॉक्टर म्हणाले, “एका रुग्णाचंही मानधन नाही हो ते.” सगळे हसले, सहसंशोधकसुद्धा.

दुपारी अडीच

पुढचा प्रस्ताव मला मधुमेहापेक्षा जड गेला, आणि त्यात बाहेरची कंपनी नव्हतीच. एका प्राध्यापकाने जखमेवरचा लेप तयार केला आहे. पेटंटसाठी अर्ज गेला आहे, स्टार्टअप नोंदवली आहे, संचालक त्यांची पत्नी, आणि संस्थेचा त्यात हिस्सा. हे बेकायदेशीर नाही. 2019 च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणानुसार शिक्षकाला कंपनी काढता येते, आणि सुविधा वापरू दिल्याबद्दल संस्थेला 2 ते 9.5 टक्के भाग घेता येतो. त्याच धोरणात पुढे लिहिलं आहे की शिक्षकाने संस्थेतलं संशोधन आणि कंपनीचं काम वेगळं ठेवावं, संस्थेच्या कर्मचाऱ्यांना कंपनीत राबवू नये, स्टार्टअपकडून भेटी घेऊ नयेत, आणि माणसांवरच्या संशोधनाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यावी.

म्हणजे आमची. इथे बाहेर कोण जाणार? लेप चालला तर फायदा संस्थेचा, आणि खोलीतल्या निम्म्या लोकांचा पगार संस्था देते. एक डॉक्टर एक कंपनी हा हितसंबंध निदान बोट ठेवता येतो असा असतो. संस्थेचाच असला की तो भिंतीत असतो. संस्थांना नवं संशोधन हवं, मानांकनाला पेटंट हवीत, वर्तमानपत्राला बातमी हवी. आणि ज्याच्या पायावर लेप लावायचा तो कापणीत विळा लागलेला मजूर असतो.

मी म्हटलं, हा प्रस्ताव आपण ठरवूच नये. दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे पाठवावा. 50 किलोमीटरच्या आत आणखी कमिट्या आहेत. एका सदस्याला ते संस्थेच्या इभ्रतीला कमीपणा आणणारं वाटलं. आपण सक्षम नाही का, ते म्हणाले. सक्षम आहोत, पण पक्षकार आहोत. अध्यक्षबाईंनी कायदेशीर मत मागवलं. प्राध्यापक बाहेर बाकावर बसून होते, आत बोलावल्यावर त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. लेप कदाचित फार चांगला असेल. मला तसं वाटतंही.

दुपारी 4

चालू असलेल्या एका जुन्या चाचणीची पाहणी होती. वॉर्डात सेलूकडचा एक म्हातारा, शेजारी सून. संमतिपत्रावर त्याची सही, साक्षीदार, तारीख, सगळं बरोबर. मी विचारलं, यात काय लिहिलंय ते आठवतं का? सुनेने नीट सांगितलं. म्हाताऱ्याने मात्र उलटं मलाच विचारलं:

“डाक्टरसायबाले याच्यातून काही भेटते का जी?”

“भेटते.”

“मंग बरं हाय. फुकटात येवढं कोन करते?”

या उत्तराची तयारी मी कमिटीत कधीच केली नव्हती. पैसे मिळणं त्याला गैर वाटत नाही. शेतमजुरीला मजुरी असते. तो थोडं थांबला आणि म्हणाला, “पन किती भेटते, हे कोनी सांगत नाही.” सून त्याला गप्प करू लागली. मी वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी साडेपाच

व्हाउचरवर सही. प्रवासखर्च आणि बैठकीचं मानधन. हे पैसे कुठून येतात हे मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. कंपनीच्या प्रस्तावावर कमिटी फी घेते. विद्यार्थ्यांकडून नाममात्र. मंजुरी मिळो न मिळो, फी परत जात नाही; त्यामुळे निर्णयाशी तिचा थेट संबंध नाही, असं सांगतात. ते खरं आहे. पण जिथे फाईल लवकर निघते तिथे कंपनी पुन्हा येते, आणि कंपनी पुन्हा आली की फी पुन्हा येते. ऑफिसातल्या मुलाचा पगार, झेरॉक्स, गोरसपाक, माझं मानधन, सगळं त्यातून. मी ते घेतो. न घेतलं तर हिंगणघाटहून येणं परवडत नाही, आणि फुकट येऊ शकणारे तेवढेच कमिटीत बसले तर ते सामान्य माणसं नसतील. पण कमिटीचा वार्षिक हिशेब, कोणाकडून किती फी आली आणि किती प्रस्ताव मंजूर झाले, फलकावर लावा असा अर्ज मी सचिवांकडे दिला आहे. ते म्हणाले, विषयपत्रिकेवर घेतो.

रात्री 9

घरी पोचून जेवलो तेवढ्यात फोन. मधुमेहवाले डॉक्टर. आवाज नरम होता.

“काकाजी, दिवसभर तुमच्याच प्रश्नावर विचार करतोय. कंपनी फोड द्यायला तयार होणार नाही. दुसऱ्या केंद्रांत कुठेच मागत नाहीत, मग आमचंच केंद्र काढून टाकतील. पेशंटला औषध फुकट मिळतंय तेही जाईल.”

हा धाक खोटा नाही. चाचणी नागपूरला किंवा दुसऱ्या राज्यात गेली तर तिथला रुग्ण आमच्या रुग्णाइतकाच अंधारात राहील, आणि इथल्या माणसाला चांगली तपासणीही मिळणार नाही. मी म्हटलं, हे सगळं सचिवांना लिहून पाठवा. मी एकटा ऐकून उपयोग नाही. आणि कंपनीचं उत्तर नकाराचं आलं तर तेही लेखी घ्या. त्यांनी विचारलं, “लेखी कशाला?” म्हटलं, 2002 च्या नियमात रक्कम जाहीर करा असं आहे. ती कोणी अडवली, हे तरी कागदावर राहू द्या.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, निदान कॉलेजचा टक्का आणि माझा भाग एवढं तरी मी माझ्या बाजूने लिहून देऊ शकतो. त्याला कंपनीची परवानगी लागू नये, वकीलबाईंना विचारून घेतो. फोन ठेवल्यावर मी पुढच्या बैठकीसाठी वहीत तीन ओळी उतरवल्या: डॉक्टरांचा भाग, लेखी. संस्थेचा भाग, लेखी. लेपाचा प्रस्ताव कुठे पाठवायचा, आणि तिकडच्या कमिटीची फी कोण भरणार.